चित्रात आलेलं, चित्रातून निसटलेलं

रात्रभर एक साधू समुद्रात उभा आहे. गळ्यापर्यंत पाणी, ओठांवर स्तोत्रं. पहाटे तो बाहेर येतो आणि वाळूवर गुडघे टेकतो. त्याच्या मागोमाग लाटांतून दोन पाणमांजरं येतात, श्वासानं त्याच्या गारठलेल्या पावलांना ऊब देतात, अंगावरच्या लवेनं ती पुसून कोरडी करतात, त्याचा आशीर्वाद घेतात आणि पुन्हा पाण्यात नाहीशी होतात. हा संत कथबर्ट. ब्रिटनच्या ईशान्य किनाऱ्यावर सातव्या शतकात होऊन गेला, ६८७ साली फार्न बेटावर वारला. हा प्रसंग कोल्डिंगहॅमच्या मठाजवळ घडला असं बीड या विद्वान मठवाशानं ७२१च्या सुमारास लिहिलेल्या चरित्रात सांगितलं आहे.

या गोष्टीत आणखी एक जण आहे. कथबर्ट रात्री कुठे जातो, या कुतूहलापोटी मठातला एक जण गुपचूप त्याच्या मागे गेला होता. जे दिसलं त्यानं तो इतका हादरला की आजारीच पडला. सकाळ झाल्यावर त्यानं कथबर्टपाशी येऊन कबुली दिली. कथबर्टनं क्षमा केली, पण एका अटीवर: मी जिवंत आहे तोवर हे कुणाला सांगायचं नाही.

बाराव्या शतकाच्या अखेरीस डरहॅममध्ये या चरित्राची एक सचित्र प्रत तयार झाली. ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. पुस्तक लहानसं, हातात सहज मावेल एवढं, आणि त्यात पूर्णपान चित्रं ४६. त्यातल्या एका चित्रात, एकाच चौकटीत कथबर्ट दोनदा दिसतो: एकदा पाण्यात उभा, एकदा काठावर, पायांशी पाणमांजरं. आणि त्याच चौकटीत तो लपून पाहणारा मठवासीही आहे. मजकूर वाचताना मी कथबर्टबरोबर पाण्यात होते. चित्रासमोर आले आणि माझी जागा बदलली. मी त्या लपलेल्या माणसाच्या शेजारी जाऊन बसले, कारण तो जे चोरून पाहत होता तेच आता मीही पाहत होते. संतानं एकांतात केलेली साधना डोळ्यांनी पाहणं म्हणजे काय, याची जबाबदारी मला मजकुरानं कधी जाणवू दिली नव्हती. चित्रानं ती एका क्षणात अंगावर टाकली. मध्ययुगीन संतचरित्रांतल्या चित्रांचा मला लागलेला नाद या पानापासूनचा.

ही चरित्रं आज सलग वाचत जाणं सोपं नाही. त्यांचा साचा ठरलेला असतो. थोर कुळात जन्म, लहानपणीच वैराग्याची चिन्हं, मोह, छळ, मरण, आणि मरणानंतर समाधीपाशी घडलेले चमत्कार. लेखकाला नावीन्याची हौस नव्हती. आपला संत ख्रिस्ताच्या आणि आधीच्या संतांच्याच वाटेनं चालला, हे त्याला दाखवायचं होतं. म्हणून सारखेपणा हाच पुरावा. शिवाय ही चरित्रं मोठ्यानं वाचली जात. मठाच्या भोजनगृहात एक जण वाचायचा आणि बाकीचे मुकाट जेवता जेवता ऐकायचे. ऐकणाऱ्याला ती परिचित लय सुखावत असणार. पण कानावर पडणारा मजकूर कुठे थांबत नाही. पाणमांजरांना जेवढा वेळ, तेवढाच पुढच्या प्रसंगाला. चित्रकाराला मात्र असं वाहत जाता येत नाही. पन्नास प्रसंगांतले कोणते घ्यायचे, प्रसंगातला कोणता क्षण धरायचा, कुणाला चौकटीत बसवायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, हे त्याला ठरवावंच लागतं. एकदा त्यानं ठरवलं की पुढचा प्रत्येक वाचक तिथेच थांबतो.

चित्रांची बाजू घेताना युरोपातले धर्मपंडित शतकानुशतकं एकाच पत्राचा आधार घेत आले. मार्सेचा बिशप सेरेनस यानं आपल्या चर्चमधल्या प्रतिमा फोडून टाकल्या, कारण लोक त्यांची पूजा करू लागले होते. इसवी सन ६००च्या सुमारास पोप ग्रेगरीनं त्याला पत्र लिहून समज दिली. प्रतिमांची पूजा होऊ नये हे खरं, पण त्या फोडूही नयेत. अक्षर न येणारा माणूस जे पुस्तकात वाचू शकत नाही ते भिंतीवर वाचतो, असा त्या पत्राचा आशय. पुढे हे पत्र इतकं उद्धृत झालं की चित्र म्हणजे निरक्षरांची सोय, अशी समजूत रूढ झाली.

पण सचित्र चरित्रांची हस्तलिखितं कुणाच्या हातात होती हे पाहिलं की ही समजूत अपुरी वाटते. चर्मपत्र, सोन्याचा वर्ख, महागडे रंग, कुशल हात. अशी पुस्तकं मठात, दरबारात, उमरावांच्या घरी असत. ती उघडणाऱ्या बहुतेकांना वाचता येत होतं. तरीही त्यांना चित्रं हवी होती.

यातलं मला सर्वांत जवळचं उदाहरण म्हणजे सेंट ऑल्बन्स इथं बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार झालेली स्तोत्रसंहिता. ती आज जर्मनीत हिल्डेसहाइमला आहे. स्तोत्रांच्या या पुस्तकात संत अलेक्सिसचं जुन्या फ्रेंच भाषेतलं पद्यचरित्र घातलेलं आहे, आणि त्यापाठोपाठ ग्रेगरीचं तेच पत्र, लॅटिनमध्ये आणि फ्रेंचमध्येही. अलेक्सिस हा रोममधल्या श्रीमंत घरातला एकुलता मुलगा. लग्नाच्या रात्रीच तो नवरीला सोडून निघून जातो, पुढे भिकारी होऊन परत येतो आणि स्वतःच्याच बापाच्या घरी, जिन्याखाली, सतरा वर्षं कुणालाही ओळखू न येता राहतो. या कथेतलं सर्वांत हृदयद्रावक ठिकाण तो जिना. आईबाप रोज त्याच्या अंगावरून जातात आणि त्यांना मुलगा कळत नाही. पण या पुस्तकातल्या चित्रकारानं जिना काढलाच नाही. त्यानं चरित्राच्या आरंभी एकच चित्र काढलं, निघून जाण्याचं. एकीकडे अलेक्सिस नवरीचा निरोप घेतो आहे, दुसरीकडे तो नावेत चढतो आहे, आणि या दोहोंच्या मध्ये दारात एकटी उभी आहे ती नवरी.

या पुस्तकाशी क्रिस्टिना ऑफ मार्कयेट या तपस्विनीचं नाव जोडलं जातं. घरच्यांनी जबरदस्तीनं लावलेलं लग्न नाकारून ती पळाली होती आणि लपूनछपून एकांतवासात राहिली होती. या चित्रासमोर तिला कल्पून पाहिलं की वाटतं, अलेक्सिसच्या सतरा वर्षांच्या तपापेक्षा त्या उंबरठ्यानंच तिला धरून ठेवलं असेल. तिनं स्वतः असाच एक उंबरठा ओलांडला होता. फरक एवढाच, की चित्रात पुरुष जातो आणि स्त्री मागे राहते. क्रिस्टिनाच्या आयुष्यात स्त्री निघून गेली. चित्र नसतं तर अलेक्सिसचं चरित्र सहनशीलतेचं चरित्र म्हणून वाचलं गेलं असतं. या एका चित्रानं ते निरोपाचं चरित्र झालं, आणि चरित्रात विलाप करणाऱ्या नवरीला चौकटीच्या मधोमध जागा मिळाली.

सेंट ऑल्बन्सच्याच मठात शंभर वर्षांनी मॅथ्यू पॅरिस नावाचा मठवासी राहत होता. १२१७ साली तो मठात आला आणि १२५९च्या सुमारास वारला. इतिहासकार, नकाशाकार, चित्रकार, आणि संतांची चरित्रं लॅटिनमधून फ्रेंच पद्यात आणणारा माणूस. संत ऑल्बनच्या चरित्राची त्यानं स्वतः लिहिलेली आणि चितारलेली प्रत डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. वरच्या अर्ध्या भागात रेखाटन, हलके रंग, आणि खाली काव्य. या प्रतीच्या कोऱ्या पानावर मॅथ्यूनं काही घरगुती नोंदी करून ठेवल्या आहेत. संत थॉमस आणि संत एडवर्ड यांच्यावरचं, आपण भाषांतरित आणि चित्रित केलेलं पुस्तक अरुंडेलच्या काउंटेसकडून मागवून घे, कॉर्नवॉलच्या काउंटेसला ते काही दिवस ठेवून घेता येईल, असा निरोप तिथे आहे. विंचेस्टरच्या काउंटेससाठी करायच्या पुस्तकात कोणत्या संतांच्या जोड्या काढायच्या याचीही टिपणं आहेत. आठशे वर्षांपूर्वी उमराव घराण्यांतल्या स्त्रिया संतांची सचित्र चरित्रं एकमेकींकडे पाठवत होत्या, हे त्या दोन-चार ओळींवरून कळतं तेव्हा मला फार आनंद होतो. वाचणाऱ्यांच्या सहवासाचा इतका जिवंत पुरावा क्वचितच हाती लागतो.

मॅथ्यूच्या नावावर असलेल्या राजा एडवर्डच्या चरित्रात कवी चित्रांचं कारणही सांगतो: अक्षर न येणाऱ्यांसाठी हे काढलं आहे, कान ऐकतो ते डोळ्यांनीही पाहावं म्हणून. ग्रेगरीचाच विचार, पण आता त्यात डोळा आणि कान एकाच पानावर एकत्र बसले आहेत. एक जण वाचते, दुसरी ऐकते, तिसरी चित्रावर बोट ठेवते. असं वाचन एकटीचं राहत नाही. चित्र पाहता पाहता कुणीतरी प्रश्न विचारते, आणि चरित्र तिथे थांबून राहतं.

चित्रांना हेतू असतो आणि तो नेहमी निव्वळ भक्तीचाच असतो असं नाही. इंग्लंडमधल्या बरी सेंट एडमंड्स या मठात ११३०च्या सुमारास राजा एडमंडचं चरित्र सजवलं गेलं. ते आता न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे. यात ३२ पूर्णपान चित्रं मजकुराच्या आधीच सलग येतात. वाचक आधी पाहतो आणि मग वाचतो. एडमंडला ८६९ साली डेन लोकांनी मारलं. बाण मारले, शिर कापून रानात टाकलं. लांडग्यानं ते शिर राखलं आणि शोधणाऱ्यांना त्या शिरानंच हाक देऊन आपली जागा सांगितली. लांडग्याच्या पंजांमधलं ते मुकुटधारी शिर एकदा पाहिलं की विसरता येत नाही. पण ही चित्रमालिका तिथे संपत नाही. मठावर दरोडा घालायला आलेले चोर जागच्या जागी खिळतात. लोकांवर कर लादणाऱ्या स्वेन राजाला मेलेला एडमंड येऊन भाल्यानं भोसकतो. ज्या मठाकडे संताची समाधी होती, जमिनी होत्या आणि त्या राखायची निकड होती, त्या मठानं आपला संत असा पाहिला. आधी चित्रं पाहून मग मजकुराकडे वळणारा वाचक एडमंडच्या हौतात्म्याइतकाच त्याच्या कोपाचाही धाक घेऊन पुढे जात असणार.

पुढे चर्चच्या भिंतींवर, काचांवर आणि वेदींवर संतांची गर्दी झाली. प्रत्येकाला ओळखता यावं म्हणून हातात एकेक खूण आली. याच काळात, तेराव्या शतकात, याकोबस दे वोराजिने यानं संतचरित्रांचा ‘लेजेंडा ऑरिया’ हा संग्रह केला. त्याच्या हजारांहून अधिक हस्तलिखित प्रती आजही आहेत. या संग्रहातली अलेक्झांड्रियाची कॅथरीन मला फार प्रिय आहे. सम्राटानं तिच्याशी वाद घालायला पन्नास पंडित बोलावले, आणि या तरुण मुलीनं त्या पन्नासांना निरुत्तर केलं. मग तिला मारायला खिळ्यांची चाकं तयार केली गेली. ती दैवी कोपानं मोडून पडली आणि तिला स्पर्शही करू शकली नाहीत. शेवटी तिचा शिरच्छेद झाला. तरीही चित्रात कॅथरीन म्हणजे चाक. जे तिच्यापर्यंत पोचलंच नाही ते तिची ओळख ठरलं आणि तिनं जिंकलेला वाद मागे पडला. चाकाची सवय झालेला डोळा चरित्र वाचताना चाकाचीच वाट पाहतो आणि पन्नास पंडितांचं पान भरभर उलटतो. या विदुषीची आठवण छळाच्या अवजारानं व्हावी, याचं मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

कधी चित्रातून संपूर्ण चरित्रच जन्माला आलं. इटलीत लुका इथं ‘वोल्तो सान्तो’ नावाची क्रुसावरची ख्रिस्तमूर्ती आहे. तिच्या अंगावर पायघोळ झगा आहे. तिच्या प्रतिकृती उत्तर युरोपात पोचल्या. तिथल्या लोकांना क्रुसावरचा ख्रिस्त उघड्या अंगाचा पाहण्याची सवय होती. झग्यातली, दाढीवाली ही आकृती त्यांना स्त्रीची वाटली, आणि त्या कोड्याचं उत्तर म्हणून एक कथा घडत गेली, असं अभ्यासक मानतात. एका राजाची मुलगी विल्गेफोर्टिस. तिला लग्न नको होतं. तिनं देवाकडे कुरूपता मागितली, रातोरात तिला दाढी फुटली, आणि संतापलेल्या बापानं तिला क्रुसावर चढवलं. अशी मुलगी कधी झालीच नाही. पण नको असलेल्या लग्नात अडकलेल्या स्त्रिया तिच्यापुढे मेणबत्त्या लावत राहिल्या. त्यांच्या दुःखाला त्या चित्रात जागा सापडली होती, म्हणून मला ही कथा निव्वळ गैरसमजाची वाटत नाही.

या स्त्री-पुरुषांनी चित्रं दुरून पाहिली नाहीत. जुन्या हस्तलिखितांत संतांचे चेहरे ओठांच्या आणि बोटांच्या स्पर्शानं पुसट झालेले सापडतात, आणि सैतानाचे, छळ करणाऱ्यांचे चेहरे रागानं खरवडलेले. कॅथरीन रूडी या कला-इतिहासकार बाईंनी मध्ययुगीन प्रार्थनापुस्तकांच्या पानांवर साचलेला मळ उपकरणानं मोजून कोणती पानं जास्त हाताळली गेली हे शोधलं आहे. तो मळ मला मोलाचा वाटतो. पान चुंबणारी व्यक्ती समासात काही लिहून गेली नाही, पण ती कुठे थांबली हे आपल्याला कळतं.

आणि आता फ्रान्सिस. असिसीचा फ्रान्सिस १२२६ साली वारला, १२२८ साली संत घोषित झाला, आणि १२३५ साली बोनाव्हेन्तुरा बर्लिंगिएरीनं पेश्शा गावातल्या चर्चसाठी त्याचा चित्रफलक काढला. मध्ये उभा फ्रान्सिस, दोन्ही बाजूंना सहा प्रसंग. त्याला ओळखणारी माणसं तेव्हा हयात होती. पुढे फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचे चर्चमधल्या बार्दी फलकावर त्याचे वीस प्रसंग आले. त्यांपैकी एकात फ्रान्सिस कुष्ठरोग्यांची सेवा करताना दिसतो. हे योग्यच होतं, कारण मृत्यूआधी सांगून ठेवलेल्या आपल्या मृत्युपत्रात फ्रान्सिस स्वतःच्या परिवर्तनाची सुरुवात तिथूनच करतो. कुष्ठरोगी दिसले तरी त्याला असह्य व्हायचं. देवानंच त्याला त्यांच्यात नेलं, आणि जे कडू होतं ते गोड झालं.

तेराव्या शतकाच्या अखेरीस असिसीच्या वरच्या चर्चमध्ये २८ भित्तिचित्रांची मालिका झाली. ती जॉत्तो या चित्रकाराची की इतरांची, यावर वाद आहे. तिच्या सामर्थ्यावर नाही. आधार होता फ्रान्सिसच्या अनुयायांच्या संघाचा प्रमुख बोनाव्हेन्तुरा (हा चित्रकार बर्लिंगिएरी नव्हे) यानं १२६३मध्ये सादर केलेल्या अधिकृत चरित्राचा. १२६६मध्ये फ्रान्सिस्कन संघानं आधीची सगळी चरित्रं नष्ट करायचा ठराव केला होता. त्या चर्चमध्ये मी भिंतीच्या कडेकडेनं एकेक चित्र पाहत गेले. गरीब सरदाराला झगा देणारा फ्रान्सिस. भर चौकात बापाचे कपडे परत करणारा. पोपच्या स्वप्नात ढासळतं चर्च खांद्यावर पेलणारा. सुलतानासमोर, पाखरांसमोर, आणि ख्रिस्ताच्या जखमांच्या खुणा अंगावर झेलणारा. कुष्ठरोगी कुठेच नाहीत. बोनाव्हेन्तुराच्या मजकुरात ते आहेत. त्यानं कुष्ठरोग्याच्या चुंबनाचा प्रसंगही घेतला आहे. भिंतीवर आलं ते झगा घेणाऱ्या सरदाराचं रूप. हे चर्च पोपच्या थेट संरक्षणाखाली होतं. तिथे पोपचं स्वप्न, नियमावलीची मान्यता, पोपसमोरचं प्रवचन यांना जागा मिळाली. ज्यांच्यामुळे फ्रान्सिस फ्रान्सिस झाला, त्यांना मिळाली नाही. सातशे वर्षं यात्रेकरू त्या भिंतीवरून फ्रान्सिस वाचत आले. पाखरांचा फ्रान्सिस साऱ्या जगाला ठाऊक आहे. व्रण धुणारा फ्रान्सिस शोधावा लागतो.

चित्रांतून संत वाचण्याची ही रीत आपल्याकडेही आली. गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकात फ्रान्सिस झेवियरच्या देहावशेषांची चांदीची पेटी आहे. गोव्याच्या कारागिरांनी ती १६३६-३७मध्ये घडवली आणि तिच्यावर झेवियरच्या आयुष्यातले ३२ प्रसंग कोरले. जिच्यावर ती ठेवली आहे ती संगमरवरी समाधी टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो यानं दिली, फोज्जिनी या फ्लॉरेन्सच्या शिल्पकारानं घडवली, आणि १६९८मध्ये उभी राहिली. तिच्या चारही बाजूंना झेवियरच्या चरित्राचे ब्राँझमधले प्रसंग आहेत. बार्दी फलक ज्या शहरात, त्याच शहरातून एका संताचं चरित्र धातूवर कोरून मांडवीकाठी आलं. तिथे उभं राहिल्यावरही मला तोच प्रश्न पडला: कोणते प्रसंग निवडले, आणि कोणती माणसं चौकटीत आलीच नाहीत?

हा प्रश्न मला तक्रार म्हणून मांडायचा नाही. मध्ययुगात लाखो लोकांनी ही चरित्रं वाचली, ऐकली. त्यांच्या मनात काय उमटलं ते बहुतांशी त्यांच्याबरोबरच गेलं. चित्रकार हा असा वाचक आहे की ज्याचं वाचन आपल्यापर्यंत पोचलं. कथबर्टचं चित्र काढणाऱ्याला लपलेला माणूस महत्त्वाचा वाटला, अलेक्सिसचं काढणाऱ्याला दारातली नवरी. त्यांच्यामुळे मी चरित्रं अशा जागी थांबून वाचली, जिथे मी एकटी कधी थांबले नसते. त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे. पण चित्र हे एकाचं वाचन आहे म्हटल्यावर त्याच्याशी असहमत होण्याचा हक्कही आपल्याला मिळतो, आणि तो मजकुराकडे परत गेल्यावरच बजावता येतो. १२६६च्या ठरावानंतरही थॉमस चेलानोनं लिहिलेलं फ्रान्सिसचं पहिलं चरित्र काही प्रतींतून तगलं. फ्रान्सिसचं मृत्युपत्रही तगलं. म्हणून असिसीची भिंत पाहून आलेल्या प्रत्येकानं ते मृत्युपत्र वाचावं असं मला मनापासून वाटतं. भिंतीनं ज्यांना जागा दिली नाही, त्यांच्यापासूनच फ्रान्सिसनं आपली कहाणी सुरू केली होती.